बाळाचं हृदय बदलता येतं का?

१. आजीचा प्रश्न

कोरेगाव तालुक्यातल्या अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक परिचारिका. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला आणि मग देशभर गेला. पथक मुलांची वजनं करतं, उंची घेतं, छातीला स्टेथोस्कोप लावतं. एखाद्या मुलाच्या छातीत ठोक्यांच्या मध्ये फुस्स असा जादा आवाज ऐकू येतो. मग चिठ्ठी मिळते : साताऱ्याला दाखवा, टूडी इको करून घ्या. इकोमध्ये दिसतं की हृदयाला छिद्र आहे. घरी बातमी पोचली की आजीच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "मग आता त्याचं हृदय बदलावं लागणार का गं?"

हा प्रश्न सहज पडावा असाच आहे. हृदय पेटीत घालून विमानानं नेलं, पोलिसांनी रस्ता मोकळा करून दिला, अशा बातम्या सगळ्यांनी वाचलेल्या असतात. हृदयाचा मोठा आजार म्हणजे हृदय बदलणं, असं समीकरण मनात बसतं. बहुतेक मुलांच्या बाबतीत आजीला द्यायचं उत्तर 'नाही' असंच असतं. थोड्या मुलांच्या बाबतीत ते 'हो' असतं. त्या थोड्यांना 'हो' म्हणता यावं म्हणून संशोधकांच्या दोन पिढ्या खपल्या आणि त्यातला एक महत्त्वाचा भाग मुंबईत परळला घडला.

२. छिद्र म्हणजे काय?

हृदयाला चार कप्पे असतात, दोन वर आणि दोन खाली. उजव्या बाजूचे कप्पे शरीराकडून आलेलं रक्त फुप्फुसाकडे पाठवतात, डाव्या बाजूचे फुप्फुसातून आलेलं शुद्ध रक्त शरीरभर ढकलतात. मध्ये पडदा असतो. आईच्या पोटात हृदय घडत असताना हा पडदा वेगवेगळ्या भागांतून वाढत येतो आणि जोडला जातो. गरोदरपणाच्या आठव्या आठवड्यापर्यंत, म्हणजे कित्येकदा घरच्यांना बातमी कळते न कळते तोवर, हे काम बरंचसं उरकलेलं असतं. जोडणीत जागा राहिली तर तेच छिद्र. पडदा पूर्ण होऊन नंतर फाटला असा त्याचा अर्थ नसतो. बाईनं ग्रहणात भाजी चिरली, जड हंडा उचलला, असल्या गोष्टींशी त्याचा काडीइतकाही संबंध नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण अशा घरात दोष बहुधा सुनेच्या माथी मारला जातो.

हजार जिवंत जन्मांमागे साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. हिशेबासाठी धरू की एखाद्या तालुक्यात वर्षाला ३,००० बाळं जन्मतात. म्हणजे २४ ते २७ बाळं अशी असतील. त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्श्याला, म्हणजे सहा-सात बाळांना, पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा तसा उपचार लागेल. बाकीच्यांपैकी काहींची छिद्रं लहान असतात आणि स्नायू वाढताना आपोआप बुजतात. काहींना मांडीच्या शिरेतून नळी घालून छत्रीसारखं बूच बसवता येतं, छाती उघडावी लागत नाही. हृदय बदलण्याची वेळ या सत्तावीसांपैकी एकावरही बहुतेक वर्षी येणार नाही.

दुरुस्तीचा हा इतिहास तसा जवळचाच आहे. २६ ऑगस्ट १९३८ रोजी बॉस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी एका लहान मुलीच्या हृदयाबाहेरची, जन्मानंतर बंद व्हायला हवी होती ती रक्तवाहिनी बांधून टाकली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरमध्ये हेलन टाउसिग यांच्या कल्पनेतून आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी एका निळ्या पडणाऱ्या बाळावर शस्त्रक्रिया केली. तिची रीत प्रयोगशाळेत बसवली होती विव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञानं. थॉमसकडे वैद्यकीय पदवी नव्हती, तरी त्या दिवशी तो शल्यविशारदाच्या मागे उभा राहून टाके कसे घालायचे ते सांगत होता. धावल्यावर दम लागला की उकिडवं बसणारी, ओठ-नखं निळी पडणारी मुलं आपल्या गावांतही होती. त्यांना वाचवता येतं हे जगाला कळलं ते या शस्त्रक्रियेनंतर.

पालकांनी लक्ष ठेवावं अशा खुणा थोड्याच आहेत. अंगावर पिताना बाळ थांबून थांबून पितं, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो. किंवा रडताना ओठ आणि जीभ निळी पडते. यातलं काही दिसलं तर पथकाची वाट न बघता दाखवायचं.

३. मग कुणाचं हृदय बदलावं लागतं?

दोन प्रकारची मुलं. पहिल्या प्रकारात हृदयाचा आराखडा ठीक असतो, पण स्नायूच निकामी झालेला असतो. हृदय फुगतं, भिंती ढिल्या पडतात, प्रत्येक ठोक्याला पुरेसं रक्त बाहेर पडत नाही. कधी जनुकीय दोषामुळे असं होतं, कधी विषाणूच्या संसर्गानंतर, आणि कित्येकदा कारण सापडतच नाही. दुसऱ्या प्रकारात आराखडाच इतका अपुरा असतो की दुरुस्तीला हात घालायला जागा नसते. उदाहरणार्थ, डावा खालचा कप्पा तयारच झालेला नसतो. अशा बाळांसाठी टप्प्याटप्प्यानं करायच्या शस्त्रक्रिया आता आहेत, पण काही मुलांचं एकाच कप्प्यावर चाललेलं हृदय पुढे थकून जातं.

एक अट मात्र दोन्ही प्रकारांत असते आणि ती फुप्फुसांची आहे. विहिरीवरची मोटर जळाली म्हणून शेतकरी नवी बसवतो. पण पाइपलाइन गाळानं चोंदलेली असेल तर नवी मोटरही जोर लावून लावून जळते. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचं तसंच आहे. मोठं छिद्र वर्षानुवर्षं तसंच राहिलं की जादा दाबानं या वाहिन्यांच्या भिंती जाड होतात आणि वाट अरुंद होते. दुसऱ्या कुणाच्या निरोगी फुप्फुसांची सवय असलेलं हृदय इथे आणून बसवलं तर त्याची उजवी बाजू काही तासांत थकते. म्हणून रोपणाआधी नळी घालून फुप्फुसातला दाब मोजतात. आकडा फार वर गेलेला असेल तर नुसतं हृदय बदलून भागत नाही. मोठं छिद्र वेळेत बुजवा असं डॉक्टर कळकळीनं सांगतात त्यामागे हे कारण आहे. 'अजून लहान आहे, जरा मोठा होऊ दे' म्हणत घालवलेली वर्षं परत मिळत नाहीत.

४. परळची प्रयोगशाळा

सातारा-सांगलीकडच्या माणसाला केईएम रुग्णालय परकं नाही. गिरणगावात कामाला गेलेल्या घाटावरच्या घरांचं ते हक्काचं ठिकाण होतं. तिथे डॉ. प्रफुल्लकुमार सेन हृदयाची शस्त्रक्रिया करत. हृदयाला हात लावायचा नाही असं जुने शल्यविशारद ज्या काळात शिकवत होते, त्या काळात त्यांनी परळला या शस्त्रक्रियेची एक पूर्ण शाळाच उभी केली. त्यांच्यासोबत डॉ. जी. बी. परुळकर आणि डॉ. शरद पांडे हे शल्यविशारद होते, आणि डॉ. सुमन किनरे या विकृतिशास्त्रज्ञ होत्या.

किनरे यांचं नाव सर्वसामान्य वाचकाला माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं. विकृतिशास्त्रज्ञाचं काम शस्त्रक्रिया संपल्यावर सुरू होतं. रोगी किंवा प्रयोगातला प्राणी गेल्यावर त्याच्या हृदयाचे पातळ काप काढायचे, रंगवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे आणि ते नेमकं कशानं थांबलं हे शोधायचं. किनरे यांनी आपल्याकडच्या लहान वयाच्या रोग्यांमध्ये महारोहिणीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, येणाऱ्या सुजेचा अभ्यास केला आणि तिचा क्षयरोगाशी दिसणारा संबंध १९७० मध्ये मांडला. पाश्चात्त्य पुस्तकांत या आजाराला फारशी जागा नव्हती. आपल्या रोग्यांची हृदयं आपणच तपासली पाहिजेत हा धडा त्या कामात आहे.

सेन यांची विचार करण्याची रीत कशी होती याचा एक नमुना. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचा स्नायू बराचसा थेट हृदयाच्या पोकळीतल्या रक्तावर पोसला जातो, तिथे आपल्यासारखं स्वतंत्र रक्तवाहिन्यांचं जाळं फारसं नसतं. मग माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या बंद पडल्या तर स्नायूत सुईनं बारीक वाटा पाडून पोकळीतलंच रक्त त्याला मिळेल का? १९६५ मध्ये सेन, तेहेमतन उदवाडिया, किनरे आणि परुळकर यांनी या कल्पनेवर शोधनिबंध छापला. पुढे लेझर आल्यावर जगात अनेकांनी हीच कल्पना पुन्हा उचलली.

त्याच वर्षी या गटाचा आणखी एक निबंध आला : कुत्र्यांमध्ये केलेल्या हृदयरोपणाच्या १०० प्रयोगांचा अहवाल. शंभर हा आकडा नजरेआड करू नये. अमेरिकेत नॉर्मन शमवे आणि रिचर्ड लोअर यांनी १९६० मध्ये रोपणाची शिवण्याची रीत बसवली होती. जुन्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांची मागची भिंत जागेवर ठेवायची आणि नवं हृदय तिला जोडायचं, म्हणजे पुष्कळ शिरा एकेक करून शिवाव्या लागत नाहीत. ही रीत वाचून कळते, पण हातात यायला सराव लागतो. महापालिकेच्या रुग्णालयात, रोजची ओपीडी आणि रोजच्या शस्त्रक्रिया सांभाळून, परळच्या गटानं तो सराव केला.

३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसात पहिलं हृदयरोपण केलं. तो रोगी १८ दिवस जगला. १६-१७ फेब्रुवारी १९६८ च्या रात्री केईएममध्ये सेन यांच्या पथकानं भारतातलं पहिलं रोपण केलं. जगातलं ते सहावं. दक्षिण आफ्रिका आणि अमेरिका यांच्यानंतर असं करणारा तिसरा देश भारत होता. रोगी सुमारे तीन तास जगला. सप्टेंबरमध्ये दुसरं रोपण झालं, तो रोगी सुमारे चौदा तास जगला. १९६९ मध्ये सेन यांना पद्मभूषण मिळालं, पण केईएममधली रोपणं तिथेच थांबली.

हे अपयश म्हणून नोंदवणं मला अन्यायाचं वाटतं. १९६८ च्या फेब्रुवारीत मेंदूमृत्यूची, म्हणजे हृदय धडधडत असतानाही माणूस गेला असं कधी म्हणायचं याची, सर्वमान्य व्याख्याच नव्हती. हार्वर्डच्या समितीनं ती त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मांडली. भारतात त्याबाबत कायदा यायला अजून सव्वीस वर्षं होती. नवं हृदय शरीरानं नाकारू नये म्हणून द्यायचं खात्रीचं औषध कुणाकडेच नव्हतं. हातांचं कसब तयार होतं, बाकीचं ज्ञान जगातच तयार नव्हतं. म्हणूनच काही वर्षांत जगातल्या बहुतेक पथकांनी हे काम सोडून दिलं आणि शमवे यांच्यासारखे मोजके लोक चिकटून राहिले.

५. शिवण जमली, शरीर मानेना

मुलांमधलं पहिलं रोपण बर्नार्ड यांच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्याच दिवशी झालं. ६ डिसेंबर १९६७, ब्रुकलिन. एड्रियन कँट्रोविट्झ यांनी जेमतेम अडीच-तीन आठवड्यांच्या बाळाचं हृदय बदललं. बाळ सहा-साडेसहा तास जगलं. त्यानंतर कितीतरी वर्षं तान्ह्या बाळांच्या वाटेला फारसं कुणी गेलं नाही.

अडचण होती प्रतिकारशक्तीची. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर ओळखीच्या खुणा असतात. पांढऱ्या पेशी त्या तपासत फिरतात. खुणा अनोळखी दिसल्या की हल्ला होतो, मग तो जंतू असो की जीव वाचवायला बसवलेलं हृदय असो. १९६० च्या दशकातली औषधं सगळीच प्रतिकारशक्ती दाबून टाकत. हृदय वाचलं तर रोगी जंतुसंसर्गानं जाई.

यातून वाट काढली दोन शोधांनी. १९७३ मध्ये फिलिप केव्हज यांनी मानेच्या शिरेतून बारीक चिमटा थेट हृदयात नेऊन स्नायूचा कण काढायची रीत आणली. आता नाकारण्याची प्रक्रिया रोगी अत्यवस्थ होण्याआधीच सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागली. दुसरा शोध नॉर्वेतल्या मातीत सापडलेल्या एका बुरशीचा. तिच्यातून स्वित्झर्लंडमधल्या सँडोझ कंपनीत सायक्लोस्पोरिन हे औषध निघालं. ज्यां-फ्रँस्वा बोरेल यांनी त्याचा गुण ओळखला : हे औषध मुख्यतः टी-पेशींना, म्हणजे परक्या अवयवावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, आवरतं, अस्थिमज्जेला फारसा धक्का लावत नाही. १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि थांबलेलं काम पुन्हा सुरू झालं.

६. तान्ह्या बाळाला मिळालेली मुदत

कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा इथे लेनर्ड बेली बरीच वर्षं प्रयोगशाळेत एकच प्रश्न घेऊन बसले होते : डावा कप्पा नसलेल्या नवजात बाळाला हृदय आणायचं कुठून? २६ ऑक्टोबर १९८४ रोजी त्यांनी अशा एका बाळाला बबून माकडाचं हृदय बसवलं. बाळ तीन आठवडे जगलं. या शस्त्रक्रियेवर जगभर कडाडून टीका झाली. पण पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९८५ मध्ये, बेली यांनी चार दिवसांच्या बाळाला माणसाचं हृदय बसवलं आणि ते मूल जगलं, वाढलं, प्रौढ झालं. तान्ह्या बाळांचं रोपण शक्य आहे हे त्या दिवशी सिद्ध झालं.

बबूनच्या हृदयाच्या बाबतीत एक अडचण रक्तगटाची होती. बाळाचा गट 'ओ', माकडाचा 'एबी'. इथे आपल्याला परळला परत यावं लागतं.

आपल्या तांबड्या पेशींवर आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर साखरेच्या साखळ्या असतात. साखळीचं टोक एका प्रकारचं असेल तर गट 'ए', दुसऱ्या प्रकारचं असेल तर 'बी', दोन्ही असतील तर 'एबी'. यांतलं काहीच नसून नुसता 'एच' हा पाया असेल तर 'ओ'. १९५२ मध्ये केईएमच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये असे रोगी नोंदवले की ज्यांच्या रक्तात हा पायाही नव्हता. साध्या तपासणीत ते 'ओ' वाटत, पण 'ओ' गटाचं रक्तही त्यांना चालत नसे. जगानं त्याला 'बॉम्बे' रक्तगट असं नाव दिलं. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असा गट असतो. अशा माणसाला फक्त त्याच गटाचं रक्त चालतं, आणि अवयवही.

आता महत्त्वाचा मुद्दा. 'ओ' गटाच्या माणसाच्या रक्तात 'ए' आणि 'बी' यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे परक्यावर चालून जाणारी प्रथिनं, असतात. कधी दुसऱ्याचं रक्त न घेताही ती येतात कुठून? आपल्या आतड्यातल्या जंतूंच्या अंगावर अशाच साखरेच्या साखळ्या असतात. त्यांच्याविरुद्ध शरीर जी तयारी करतं, तीच परक्या रक्तगटावर चालून जाते. म्हणून चुकीच्या गटाचं हृदय बसवलं तर ते शस्त्रक्रियेच्या टेबलावरच काळंनिळं पडू शकतं.

पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात जंतूंची वस्ती नुकतीच सुरू झालेली असते. त्याची स्वतःची प्रतिपिंडं पहिले काही महिने जवळजवळ नसतात. या मुदतीचा उपयोग करता येईल का, हा प्रश्न टोरांटोच्या बालरुग्णालयात लोरी वेस्ट या बालहृदयरोगतज्ज्ञ बाईंनी धरला. त्यांच्या विचाराला जुना आधार होता. १९५३ मध्ये पीटर मेडावार, रूपर्ट बिलिंगहॅम आणि लेस्ली ब्रेंट यांनी दाखवलं होतं की जन्माआधीच उंदराच्या पिलाला परक्या पेशींची ओळख करून दिली, तर मोठेपणी ते त्याच जातीची त्वचा नाकारत नाही. मेडावार यांना १९६० मध्ये नोबेल मिळालं. पण प्रयोगशाळेतल्या उंदरावरून शस्त्रक्रियागृहातल्या बाळापर्यंत यायला चाळीसहून अधिक वर्षं लागली.

टोरांटोत १९९६ पासून अशी रोपणं सुरू झाली. कृती कशी ते पाहू. पाच किलोच्या बाळाच्या शरीरात सुमारे ४०० मिलिलिटर रक्त असतं, किलोमागे ८० या हिशेबानं. शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर बाळ असतानाच इतकंसं रक्त बदलून टाकता येतं. आईकडून आलेली किंवा नुकती तयार होऊ लागलेली प्रतिपिंडं त्यासोबत निघून जातात. मग वेगळ्या गटाचं हृदय बसवतात. २००१ मध्ये वेस्ट आणि सहकाऱ्यांनी दहा बाळांचा अनुभव प्रसिद्ध केला. चार तासांपासून चौदा महिन्यांपर्यंतची ही बाळं. दहांपैकी आठ वाचली. वाट बघताना दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण या रीतीनं ५८ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं. पुढे आणखी मोठी गोष्ट दिसली : ही मुलं वाढली तरी दात्याच्या रक्तगटाविरुद्ध त्यांच्या शरीरात प्रतिपिंडं तयारच झाली नाहीत. मेडावारच्या उंदरांत जे दिसलं होतं, ते माणसाच्या मुलांत खरं ठरलं. जन्मतः येणारी दुबळी प्रतिकारशक्ती ही आपण कायम बाळाची उणीव समजत आलो. वेस्ट यांनी त्या उणिवेतच बाळाचा जीव वाचवण्याची सोय पाहिली. बालहृदयरोपणाच्या साऱ्या इतिहासात मला हा विचार सर्वांत सुंदर वाटतो.

७. चार तास आणि काही किलो

शरीरातून काढलेलं हृदय थंड द्रावात ठेवलं तर साधारण चार तास टिकतं. समजा दाता पुण्यात आहे आणि मूल मुंबईत. नवं हृदय शिवून त्यात रक्त सोडायला एक तास धरा. उरले तीन. रुग्णालय ते विमानतळ, उड्डाण, उतरणं आणि पुन्हा विमानतळ ते रुग्णालय, हे सगळं या तीन तासांत बसवायचं. पोलिस रस्ता मोकळा करतात तो यासाठी. ३ ऑगस्ट २०१५ रोजी असंच पुण्याहून आणलेलं हृदय मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकानं बदलापूरच्या एका तरुणाला बसवलं. सेन यांच्यानंतर ४७ वर्षांनी मुंबईत पुन्हा हृदयरोपण झालं. योगायोग असा की दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी रोपण केलं ती तारीखही ३ ऑगस्टच, साल १९९४.

मुलांच्या बाबतीत मापाचा प्रश्न आणखी असतो. नवजात बाळाचं हृदय सुमारे २० ग्रॅमचं, प्रौढाचं २५० ते ३५० ग्रॅमचं. निवड करताना वयापेक्षा वजन बघतात. दहा किलोच्या मुलाला साधारण तितक्याच किंवा दुप्पट, कधी त्याहून थोड्या जास्त वजनाच्या दात्याचं हृदय चालू शकतं. आजारानं मुलाचं जुनं हृदय फुगलेलं असतं, त्यामुळे छातीत जागा झालेली असते. फार लहान हृदय मात्र पुरं पडत नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये सुरतच्या चौदा महिन्यांच्या मुलाचं हृदय मुलुंडला आणून नवी मुंबईच्या साडेतीन वर्षांच्या मुलीला बसवलं गेलं. तिच्या हृदयाचा स्नायू निकामी झाला होता आणि ती बरेच महिने वाट बघत होती. देशात तोवर इतक्या लहान दात्याचं हृदय रोपलं गेलं नव्हतं. त्या चौदा महिन्यांच्या मुलाच्या आईवडिलांनी त्या दिवसांत काय सोसलं असेल, आणि तरीही काय दिलं, याचा विचार मनातून जात नाही.

वाट बघण्याच्या काळात मुलाला तगवायला शरीराबाहेर बसवायचे छोटे पंपही आता आहेत. ते महाग आहेत, त्यांत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते, आणि मूल रुग्णालयाला जखडून राहतं.

८. रोपणानंतर

नवं हृदय जोडताना रक्तवाहिन्या शिवता येतात, मज्जातंतू शिवता येत नाहीत. म्हणून ते मेंदूच्या थेट हुकमाशिवाय, स्वतःच्या लयीत चालतं. बसल्या जागी ठोके जरा जास्त असतात. मूल पळायला लागलं की ठोके लगेच वाढत नाहीत, रक्तातली संप्रेरकं पोचल्यावर हळूहळू वाढतात. म्हणून खेळाआधी अंग मोकळं करणं या मुलांसाठी फार गरजेचं. शाळेतल्या पीटीच्या शिक्षकांना हे माहीत हवं.

गोळ्या जन्मभर, आणि वेळेवर. औषधाची रक्तातली पातळी कमी झाली तर शरीर हृदय नाकारतं, जास्त झाली तर मूत्रपिंडावर ताण येतो आणि संसर्ग जडतात. जिवंत जंतूंच्या लसी बहुधा देत नाहीत, म्हणून लसीकरण शक्यतो आधी पूर्ण करून घेतात. बरीच वर्षं गेल्यावर नव्या हृदयाच्या रक्तवाहिन्या सर्व बाजूंनी अरुंद होत जाण्याचा धोका राहतो, आणि मज्जातंतू नसल्यानं छातीत कळ येऊन सूचना मिळेलच असं नाही. सर्वांत अवघड काळ पौगंडावस्थेचा. मुलाला आपण इतरांसारखे आहोत असं दाखवायचं असतं आणि गोळी चुकते. एवढं असूनही, तान्हेपणी रोपण झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण वीस वर्षांनंतर हयात असतात. रोपण केलं नसतं तर त्यांतली बरीच बाळं पहिला वाढदिवसही बघू शकली नसती.

९. देणारं घर

शस्त्रक्रियेची रीत आहे, औषधं आहेत, विमानं आहेत. अडतं ते लहान मुलांच्या हृदयांपाशी. दाता मूल मेंदूमृत असावं लागतं : मेंदूचा तळ कायमचा बंद, श्वास फक्त व्हेंटिलेटरवर, हृदय अजून धडधडतंय. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ ठराविक चाचण्या दोनदा करतं. मोठ्यांमध्ये दोन चाचण्यांत किमान सहा तासांचं अंतर असतं, लहान मुलांत ते जास्त ठेवतात. रोपण करणाऱ्या पथकातलं कुणी या मंडळात नसतं. मूल अज्ञान असेल तर आई किंवा वडील संमती देऊ शकतात. मूल कोमात असणं आणि मेंदूमृत असणं या दोन वेगळ्या अवस्था आहेत. कोमातून माणूस परत येऊ शकतो. मेंदूमृत घोषित झाल्यावर परत येणं नसतं. छातीची हालचाल दिसत असताना हे मान्य करणं किती कठीण आहे, हे कुणीही बाप समजू शकेल. अशा वेळी घाई न करता, आईवडिलांच्या भाषेत, चार वेळा समजावून सांगणारा समन्वयक तिथे असणं मला यंत्रांइतकंच आवश्यक वाटतं.

आणि कधी सगळं उशिरा होतं, हृदय रोपणाला योग्य राहत नाही, किंवा जवळपास मापाचं मूलच वाट बघत नसतं. तेव्हाही त्या हृदयाच्या झडपा उपयोगी पडतात. हृदय थांबल्यानंतरही काही तासांच्या आत त्या काढता येतात, प्रतिजैविकांत धुऊन द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं ठेवता येतात. त्यांना रक्तगट जुळावा लागत नाही, विमान लागत नाही. फुप्फुसाकडे जाणारी वाटच अपुरी असलेल्या, धावता धावता उकिडवं बसणाऱ्या मुलाच्या हृदयात शल्यविशारद ती झडप शिवतो, आणि त्या मुलाचं स्वतःचं हृदय, न बदलता, कामाला लागतं.